आमचं नाव कोणाच्या वहीत आहे?

सरावली नावाची गावं एकाहून जास्त आहेत. एक डहाणू तालुक्यातली आमची. दुसरी बोईसरला लागून, पालघर तालुक्यात. तिसरी भिवंडी-कल्याणच्या बाजूला, एमआयडीसीमुळे ओळखली जाणारी. याचा पोस्टमनला कधी त्रास झाल्याचं मी ऐकलेलं नाही. तालुका आणि पिनकोड लिहिला की टपाल बरोबर घरी येतं. इंटरनेटवर मात्र तसं चालत नाही. तिथे ‘डॉट कॉम’ म्हटलं की त्याखाली सरावली एकच असू शकते, आणि ती कोणाची हे एका वहीत लिहिलेलं असतं. ती वही कोणाकडे आहे, तिच्यात खाडाखोड करायचा हक्क कोणाला आहे, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. आमचं नाव त्या वहीतून गेलं तेव्हा शोधायला निघाले. जे कळलं ते लिहून ठेवते आहे, कारण आमच्यासारखे गट पालघर जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

आमचा बचत गट चिकूची भुकटी, चिप्स आणि लोणची करतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मुंबई-पुण्याचे लोक नाव घेऊन माल मागू लागले. गटाने बोईसरकडच्या वेबसाइट करून देणाऱ्या एका माणसाकडून साइट करून घेतली होती. मी गटात आले तेव्हा ती चालू होती आणि तिचा पत्ता प्रत्येक पाकिटावर छापलेला होता. हंगाम जोरात असताना पुण्याच्या एका ग्राहक बाईंचा फोन आला, “ताई, तुम्ही काम बंद केलंत का? साइट उघडतच नाही.” मी मोबाइलवर पाहिलं. खरंच उघडत नव्हती. गटात एमएस-सीआयटी झालेली मी एकटी, म्हणून अध्यक्ष ताई म्हणाल्या, “तूच बघ काय झालंय ते.”

सेवा केंद्रातल्या दादाने सांगितलं, सर्व्हर डाऊन असेल, उद्या येईल. उद्याही आली नाही. मग बी.एस्सी. आयटी करणारी माझी भाची सुट्टीला आली होती, तिने एका पानावर आमचा पत्ता टाकून मला दाखवला. कोणत्याही डोमेनची नोंद तिथे बघता येते. इंग्रजी ओळींच्या गर्दीत एका शब्दावर तिने बोट ठेवलं: ‘क्लायंटहोल्ड’. म्हणाली, “आत्या, तुमची साइट आहे तशी आहे. फोटो, दर, ऑर्डरचा फॉर्म, सगळं जागेवर आहे. फक्त नाव अडवून ठेवलंय.”

हे मला पचायला वेळ लागला. माझी समजूत अशी, की साइट म्हणजेच तिचा पत्ता. तसं नाही. प्रत्येक साइट कुठल्यातरी यंत्रावर असते आणि त्या यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नाव. आपण नाव टाइप केलं की आपला मोबाइल विचारत विचारत जातो: या नावाचे आकडे कोणते? उत्तर देणाऱ्याने उत्तर देणं थांबवलं, की साइट धडधाकट असूनही जगापुरती ती नाहीशी होते.

थांबवलं कोणी आणि का? ज्या कंपनीकडे नाव नोंदवतात तिला रजिस्ट्रार म्हणतात. रजिस्ट्रार कंपन्यांच्या 2013 च्या करारात अट आहे, की नाव घेणाऱ्याचा ईमेल किंवा फोन पडताळून घ्यायचा आणि 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर नाव अडवायचं किंवा स्वतः पडताळणी करायची. आमच्या नावाच्या पडताळणीचं पत्र गेलं होतं साइट करणाऱ्या माणसाच्या ईमेलवर. त्याने धंदा बंद केला होता, फोन लागत नव्हता. आणि नोंदीत मालक म्हणून नाव होतं त्याचंच. गटाचा उल्लेख कुठेही नव्हता. मी रजिस्ट्रारच्या चॅटवर भाचीकडून इंग्रजीत लिहून घेतलं, पाकिटांचे फोटो पाठवले, गटाच्या नोंदणीचा कागद पाठवला. उत्तर सभ्य होतं आणि प्रत्येक वेळी तेच होतं: नोंदीत ज्यांचं नाव आहे त्यांनी संपर्क करावा.

मी त्या चॅटवरच्या माणसाला दोष देत नाही. तो नियमाने वागला, आणि नियमही वाईट हेतूने केलेला नाही. खोट्या पत्त्यांवर डोमेन घेऊन लोकांना लुबाडणारे आमच्या भागातही फोनाफोनी करत असतात. पण मला जी गोष्ट छळत राहिली ती ही: नाव अडवायला एक बटण पुरलं, आणि ते सोडवायला मी जाऊ शकेन असं एकही दार नव्हतं. तलाठ्याने नोंद चुकवली तर तहसीलदार आहे, त्याच्यावर प्रांत आहे. इथे वर कोण आहे?

वर आहेत, पण आपल्यासाठी नाहीत. रजिस्ट्रारच्या वर रजिस्ट्री. ‘डॉट कॉम’ची सगळी वही अमेरिकेतली व्हेरिसाइन ही एक कंपनी सांभाळते, त्यात 15 कोटींहून जास्त नावं आहेत. नाव रजिस्ट्रीने स्वतः अडवलं तर नोंदीत ‘क्लायंटहोल्ड’च्या जागी ‘सर्व्हरहोल्ड’ दिसतं. या कंपनीच्या हाती केवढी ताकद आहे ते 2003 मध्ये दिसलं. त्या सप्टेंबरात तिने एक बदल केला आणि जगात कोणीही ‘डॉट कॉम’चं न नोंदवलेलं किंवा चुकीचं नाव टाइप केलं, की ते कंपनीच्याच पानावर जाऊन पडू लागलं. कोणाला विचारलं नव्हतं. ओरड झाली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिला ते थांबवावं लागलं.

रजिस्ट्रीच्याही वर मूळ वही. तिला रूट म्हणतात. ‘कॉम’ कोणाकडे, ‘ऑर्ग’ कोणाकडे, भारताचं ‘इन’ कोणाकडे, एवढंच तिच्यात असतं. ही वही वाचून दाखवणाऱ्या सर्व्हरांची नावं 13 आहेत, ती 12 संस्था चालवतात आणि त्यांच्या प्रती जगभर ठेवलेल्या आहेत. 2005 मध्ये अशा प्रती भारतात आल्या, त्यातली एक मुंबईत. ते वाचून मला क्षणभर बरं वाटलं होतं. भाची म्हणाली, “प्रत इथे आहे आत्या, पेन इथे नाहीये.” लिहायचा अधिकार आयकॅन या संस्थेकडे आहे. ती 1998 मध्ये स्थापन झाली, कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदलेली आहे, आणि 2016 च्या ऑक्टोबरपर्यंत तिच्या या कामावर अमेरिकन सरकारच्या करारानुसार देखरेख होती. आयकॅनच्या आधी बरीच वर्षं हे काम मुख्यतः जॉन पोस्टेल नावाचा एक संगणकतज्ज्ञ बघत असे. जानेवारी 1998 मध्ये त्याने काही रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल केला, की वही आता माझ्या यंत्रावरून घ्या. 12 पैकी 8 जणांनी ऐकलं. अमेरिकन सरकारने दटावल्यावर त्याने ते मागे घेतलं. जगाच्या पत्त्यांची वही एका माणसाच्या ईमेलवर जागा बदलते, हे वाचून मी तो परिच्छेद पुन्हा वाचून काढला.

एकच वही कशाला हवी, हा प्रश्न मीही भाचीला विचारला. तिचं उत्तर पटलं. दोन वह्या झाल्या तर एकाच नावाचे दोन मालक होतील. पुण्याच्या बाईंनी पैसे भरले आमच्यासाठी आणि पोचले दुसऱ्याकडे, असं होईल. म्हणजे वही एकच हवी, हे खरं. पण मग ती ज्याच्या हातात आहे त्याचे हात नियमाने बांधलेले हवेत, आणि ज्याचं नाव कापलं त्याला बोलायला जागा हवी. माझा सगळा जीव या दुसऱ्या गोष्टीत अडकला आहे.

हे फक्त आमच्यासारख्या लहानांचं होतं असंही नाही. 24 सप्टेंबर 2018 ला चेन्नईच्या झोहो कंपनीचं नाव तिच्या अमेरिकेतल्या रजिस्ट्रारने बंद केलं. झोहोच्या ईमेल सेवेवरून कोणी फसवणुकीची पत्रं पाठवत असल्याच्या मोजक्या तक्रारी होत्या, आणि त्यासाठी सुमारे तीन कोटी वापरकर्त्यांची सेवा अडली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख श्रीधर वेंबू यांना ट्विटरवर जाहीरपणे मदत मागावी लागली, तेव्हा काही तासांनी नाव सुटलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून आपण स्वतःच रजिस्ट्रार होऊ, असं नंतर त्यांनी सांगितलं. झोहोला ते जमण्यासारखं आहे. सरावलीच्या गटाने काय करायचं? आमच्याकडे जाहीर हाक मारायला ट्विटरवर माणसं नाहीत आणि रजिस्ट्रार होण्याइतकं भांडवल तर नाहीच.

‘डॉट ऑर्ग’ची गोष्ट मला जास्त लागली, कारण डहाणू-तलासरीत काम करणाऱ्या कितीतरी संस्थांचे पत्ते ‘ऑर्ग’चे असतात. ती वही सांभाळणारी ना-नफा संस्था नोव्हेंबर 2019 मध्ये एका खासगी गुंतवणूक कंपनीला सुमारे 113 कोटी डॉलरना विकायचं ठरलं. त्याच वर्षी जूनच्या शेवटी ‘ऑर्ग’च्या दरावरची मर्यादाही उठवली गेली होती. एक कोटीच्या वर नावं: दवाखाने, शाळा, आश्रम, कामगार संघटना. त्यांचं भाडं आता कोण ठरवणार? जगभरातल्या संस्थांनी विरोध केला, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी पत्र लिहिलं, आणि 30 एप्रिल 2020 ला आयकॅनने संमती नाकारली. निकाल चांगला लागला. पण संमती देणं न देणं पुन्हा त्या एकाच संस्थेच्या हातात होतं, आणि ‘ऑर्ग’ वापरणाऱ्या एखाद्या आश्रमशाळेला त्यात मत नव्हतं.

उलटं उदाहरणही सांगायला हवं. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर युक्रेनच्या मंत्र्यांनी आयकॅनला पत्र लिहून रशियाचं ‘डॉट आरयू’ रद्द करायला सांगितलं. काही दिवसांतच आयकॅनने नकार दिला: आमचं काम इंटरनेट चालू ठेवण्याचं आहे, शिक्षा करण्याचं नाही, अशा अर्थाचा. युक्रेनच्या लोकांचं दुःख मोठं होतं, तरी मला हा नकार योग्य वाटतो. आज एका देशाचं नाव पुसलं तर उद्या कोणाचंही पुसता येईल. फक्त मनात येतं, की हा नकार त्या वेळच्या माणसांच्या समजूतदारपणावर उभा होता. माणसं बदलतात.

मग आपलं ‘डॉट इन’ तरी? 1989 मध्ये ते भारताला मिळालं तेव्हा सांभाळायला दिलं मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे. ती जुहूला होती, म्हणजे आमच्या डहाणू लोकलच्या मार्गावर अंधेरीला उतरून जावं इतकी जवळ. त्या काळात नियम इतके कडक होते, की 2004 पर्यंत देशभरातून जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली. 2003 मध्ये निक्सी ही संस्था झाली आणि 2005 पासून ‘इन’ सगळ्यांना खुलं झालं. आता ही वही निक्सीकडे, दिल्लीत आहे. तिचं तांत्रिक काम मात्र बाहेरच्या कंपन्यांकडे दिलेलं असतं आणि ते एकीकडून दुसरीकडे गेलेलंही आहे. देशाची वही देशात असणं मला महत्त्वाचं वाटतं. निदान आपलं न्यायालय तरी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्येच, रेडिफच्या नावाशी मिळतंजुळतं ‘रॅडिफ’ नाव घेणाऱ्याला रोखताना, डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, व्यापारातल्या नावासारखंच त्याला संरक्षण आहे, असं धरलं होतं.

पण वही देशात आली म्हणून आपोआप सगळं सुरक्षित होत नाही. आमचा सातबारा, रेशन, दाखले, जिल्ह्याची साइट, सगळं ‘गव्ह डॉट इन’खाली. रिझर्व्ह बँकेने बँकांनाही 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘बँक डॉट इन’वर यायला सांगितलं, आणि तिथे नाव देण्याचा अधिकार हैदराबादच्या एकाच संस्थेला, आयडीआरबीटीला, आहे. त्याचा फायदा मी डोळ्यांनी बघते. गटातल्या वहिनींना आता एवढंच सांगायचं, की पत्त्याच्या शेवटी ‘बँक डॉट इन’ नसेल तर हात लावू नका. खोटी बँक तिथे घुसणं अवघड. केंद्राकडे ताबा असल्याचा हा चांगला उपयोग आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. मात्र जितकं जास्त एका खुंटीला टांगाल तितकी ती खुंटी निसटली तर पडझड मोठी. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री व्हॉट्सॲप आणि फेसबुक जवळपास सहा तास गेलं होतं, आठवतं? तेव्हा त्या कंपनीच्या एका बिघाडाने तिच्या नावांना उत्तर देणारी यंत्रंच जगापासून तुटली होती. कोणाचा वाईट हेतू नव्हता. तरी आमच्यासकट सगळ्यांच्या ऑर्डरी त्या रात्री थांबल्या.

एका ठिकाणी ताबा असण्यावरून मला डहाणूचीच एक गोष्ट सांगायची आहे. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने आमचा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला. इथे कोणता उद्योग येईल हे दिल्लीने ठरवायचं, असा तो ताबा होता. पण पुढे पर्यावरणवादी बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशाने डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. वडीलधारी माणसं सांगतात, मच्छीमार, बागायतदार, आदिवासी आपलं म्हणणं तिथे मांडू शकत. 1998 मध्ये इथल्या प्रस्तावित वाढवण बंदराला त्या प्राधिकरणाने परवानगी नाकारली. 2023 मध्ये, धर्माधिकारी गेल्यानंतर, त्याच प्राधिकरणाने अटी घालून ती दिली. दुसरा निर्णय किनाऱ्यावरच्या अनेकांना मान्य नाही आणि त्यांचं दुःख मला कळतं. तरीही दोन्ही वेळा आदेश लिहिलेला होता, त्यात कारणं होती, त्याविरुद्ध न्यायालयात जाता आलं. चिकूच्या मानांकनाचंही तसंच: अर्ज जाहीर होतो, हरकतीला तीन महिने मिळतात, मग नोंद. अधिकार केंद्राकडे असूनही खालच्या माणसाचं ऐकून घेता येतं, हे आम्ही इथे पाहिलेलं आहे. डोमेनच्या बाबतीत तेवढंच मागायचं तर ते जास्त होतं का?

तशी एक वाट कागदावर आहे. 1999 पासून आयकॅनची वाद सोडवण्याची पद्धत आहे. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार करता येते. एका पंचाची फी दीड हजार डॉलर. शिवाय नावावर तुमचा ट्रेडमार्कसारखा हक्क दाखवायचा आणि समोरच्याने ते वाईट हेतूने घेतल्याचं सिद्ध करायचं. अध्यक्ष ताईंना मी रुपयांत आकडा सांगितला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “आणि हरलो तर?”

तोवर आमच्या नावाची मुदतही संपली. नोंदीतल्या माणसाने नूतनीकरण केलं नाही, आम्हाला करता येईना. मुदत उलटल्यावर रजिस्ट्रारने नाव सोडलं, की 30 दिवस पैसे भरून सोडवायचे असतात, तेही फक्त नोंदीतल्या मालकाने. त्यानंतर 5 दिवसांनी नाव मोकळं. मोकळं होताच ते कोणीतरी उचललं. आता तिथे ‘हे नाव विकणे आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी पान आहे, आणि जुन्या पाकिटांवरून आमचे ग्राहक अजून तिथे जातात.

नव्या पत्त्यासाठी आम्हाला ‘डॉट भारत’ घ्यायचं होतं. 27 ऑगस्ट 2014 पासून देवनागरीत डोमेन मिळतं, मराठीसुद्धा त्यात येते. आमच्या गटातल्या बऱ्याच जणींना इंग्रजी वाचता येत नाही. आपल्या पाकिटावरचा पत्ता त्यांना स्वतःला वाचता यावा ही साधी इच्छा होती. पण मूळ वहीला देवनागरी कळत नाही. तिच्यात ‘भारत’ची नोंद ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या आणि आकड्यांच्या गुंतवळ्यात आहे. आणि आम्ही ज्या ज्या ठिकाणी पत्ता भरायला गेलो तिथले पुष्कळसे फॉर्म देवनागरी पत्ता चुकीचा ठरवून परत पाठवत होते. शेवटी ‘डॉट इन’ घेतलं. या वेळी नोंद गटाच्या नावावर आहे, ईमेल गटाचा आहे, त्याचा पासवर्ड दोघींकडे आहे, आणि मुदत संपण्याची तारीख बैठकीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिली आहे. पाकिटावर पत्त्यासोबत फोन नंबर आणि पोस्टाचा पूर्ण पत्ताही छापला.

गेल्या बैठकीत मी निक्सीला पाठवायचं पत्र वाचून दाखवलं. मराठीत लिहिलं आहे. त्यात म्हटलं आहे, की बचत गट, शाळा, ग्रामपंचायती आणि लहान संस्था यांचं नाव अडवण्याआधी नुसता ईमेल न करता मोबाइलवर आणि टपालाने, त्यांच्या भाषेत सूचना द्यावी. कारण लिहून द्यावं. 30 दिवस मुदत द्यावी. नाव तिसऱ्याच्या नावे नोंदलेलं असेल तर ते प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना कागद दाखवून हक्क सांगता यावा. आणि ही सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, परवडेल अशा फीमध्ये व्हावी. धनादेशावर सह्या करणाऱ्या दोघींनीच सही करावी असं ठरलं होतं, पण पत्र ऐकल्यावर सगळ्याच जणी सही करायला उठल्या. स्पीड पोस्टाने ते सोमवारी डहाणू रोडहून जाईल, आणि त्याची एक प्रत पालघरला जिल्हाधिकारी कार्यालयात.